रस्ता रुंद करण्याआधी कडेचा दगड वाचा

प्रति,
महाराष्ट्रात रस्त्यांची कामं करणारे सर्व अभियंते, ठेकेदार, जेसीबीचालक आणि रस्त्याकडेच्या गावांचे सरपंच व ग्रामसेवक,

सप्रेम नमस्कार.

पाऊस उघडला की मुरमाचे डंपर पुन्हा फिरू लागतील. त्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं अशी माझी धडपड आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे. चौथीच्या मुलांना बरीच वर्षं इतिहास शिकवला. वर्गात जेवढा शिकवला त्याहून जास्त शाळेबाहेरच्या रस्त्यावर शिकवला, कारण आमच्या गावाच्या शिवेवर चिंचेखाली एक वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उभा होता.

छातीइतका उंच, काळ्या पाषाणाचा. त्याच्यावर तीन कप्पे होते. खालच्या कप्प्यात ढाल-तलवार घेतलेला एक माणूस, समोर दोन घोडेस्वार आणि मागे तीन गाई. मधल्या कप्प्यात त्याच माणसाला दोन अप्सरा हाताला धरून वर नेत होत्या. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर चंद्र-सूर्य होते. एक अक्षरही नव्हतं. पण मुलांना मी एवढंच विचारायची, "गाई का काढल्या असतील रे?" आणि पाच मिनिटांत गोष्ट त्यांच्याच तोंडून बाहेर यायची: कुणीतरी गुरं पळवून न्यायला आलं, हा आडवा गेला, मेला, गुरं वाचली. पोळ्याला गावातले बैल त्या चिंचेला वळसा घालूनच वेशीत यायचे. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. दगड मात्र सांगत होता.

रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा आधी मोजणी झाली. चिंचेच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने नंबर पडला. विजेचे खांब किती हलवायचे, पाण्याची पाइपलाइन किती मीटर सरकवायची, हे सगळं कागदावर आलं. वीरगळ कुठल्याही कागदावर नव्हता. एक दिवस मी पोचले तेव्हा चिंच आडवी झाली होती आणि तिथे मुरमाचा ढीग होता. जेसीबी चालवणारा पोरगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. तो म्हणाला, "बाई, मला कुणी सांगितलंच नाही. दगड दिसला, बाजूला लोटला." त्याचं खोटं नव्हतं. त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पुढे दोन महिन्यांनी मोरीच्या दगडी अस्तरात मला वरचा कप्पा सापडला, चंद्र-सूर्यासकट. गाईंचा कप्पा अजून सापडलेला नाही.

राग आला होता, पण हे पत्र रागावण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या हातून जे घडतं ते बहुतेक वेळा न कळल्यामुळे घडतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आधी ओळख करून देते.

वीरगळ हा शब्द कन्नडातून आला. 'कल्लु' म्हणजे दगड, 'वीरगल्लु' म्हणजे वीराचा दगड. तो बहुधा देवळाच्या आवारात, शिवेवर किंवा जुन्या वाटेच्या कडेला असतो. खालचा कप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण माणूस कसा मेला ते तिथे कोरलेलं असतं. गाई असतील तर गुरांसाठी झालेली झुंज. एखाद्यावर वाघ असतो. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर इथल्या वीरगळांवर चक्क गलबतं आहेत, वल्ही मारणारे लोक आहेत, समुद्रातली लढाई आहे. तेराव्या शतकात यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या आरमारी युद्धाशी काही इतिहासकारांनी ते जोडले आहेत. उपनगरातल्या गर्दीत ते दगड उभे राहिले म्हणून आज आपल्याला त्या काळची जहाजं कशी होती ते डोळ्यांनी पाहता येतं. साताऱ्याकडे वाईजवळच्या किकलीत भैरवनाथाच्या देवळाभोवती इतके वीरगळ आहेत की एका गावातून किती माणसं अशी गेली असतील या विचाराने गप्प व्हायला होतं.

सतीशिळा ओळखायची खूण म्हणजे खांबातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात. हा दगड मला नेहमी अस्वस्थ करतो. त्याच्यासमोर नारळ फोडावा असं मला वाटत नाही आणि कुणी फोडू नये असंच मी मुलांना सांगत आले. पण तो उखडून फेकावा असंही वाटत नाही. एक जिवंत बाई इथे जाळली गेली याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

आणि तिसरा गधेगळ. याच्यावर वर चंद्र-सूर्य, मध्ये बहुधा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचं चित्र असतं. ते चित्र म्हणजे शिवी आहे. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन दान दिली, ती जो कुणी हडपेल त्याच्या आईला दिलेली शिवी. लोकांना लाज वाटते म्हणून कित्येक गावांत हा दगड पालथा घालतात किंवा पायरीला लावतात. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. चंद्र-सूर्य असेतो हे दान टिकावं, असं त्या काळच्या कायद्याच्या भाषेत सांगितलेलं आहे, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही धाक बसावा म्हणून चित्र काढलेलं आहे. अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख अशाच दगडावर आहे. त्यावरचा शक कसा वाचायचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हे वाचन धरलं तर तो आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक ठरतो. जगात सुख नांदो, अशी त्याची सुरुवात आहे. तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. त्या काळात एखाद्या मुकादमाने साइडपट्टी सरळ करायची म्हणून तो उचलला असता, तर मराठीच्या जन्माचा दाखला आपण भरावात घातला असता.

हे सगळं हजार वर्षांपूर्वीचंच असतं असंही नाही. मुंबईत इंग्रजांच्या काळचे मैलाचे दगड आहेत. फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर त्यांच्यावर रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि ते दगड पदपथात गळ्यापर्यंत बुडाले. काही तर लोक वर्षानुवर्षं बसायला वापरत होते. त्यातले काही अलीकडे उकरून, साफ करून पुन्हा उभे केले गेले. म्हणजे इच्छा असली की जमतं. नागपूरचा झिरो माइल तर १९०७ साली भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात बसवलेला दगड. मोजणीचं काम करणाऱ्या तुम्हा अभियंत्यांचा तो पूर्वजच म्हणायचा.

सातारा, पुणे, कोकण इथल्या काही गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक लहानशी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावर मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात मेले. गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. या पाट्यांसमोर मला एक गोष्ट फार लागते: आकडा आहे, नावं नाहीत. बसरा किंवा फ्रान्सकडे गेलेला पोरगा परत आला नाही आणि गावात उरला तो एक आकडा. भिंत पाडून नवी इमारत बांधताना तो आकडाही गेला, तर त्या माणसाचं गावात काहीच राहत नाही.

नाव कोरलं गेलं तर काय होतं, तेही आपल्याकडे एका रस्त्याच्या कडेलाच दिसतं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमाला इंग्रजांनी जो स्तंभ उभारला, त्यावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यातल्या कित्येक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. म्हणजे ती महार शिपायांची नावं. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. ज्यांच्या पूर्वजांची नोंद कुठल्याही बखरीत नव्हती, त्यांना ती त्या दगडावर सापडली. इंग्रजांनी तो स्तंभ आपल्या विजयासाठी उभारला होता. लोकांनी त्यातून वाचलं ते वेगळंच, आणि तेच टिकलं. दगड कुणी कशासाठी उभा केला यापेक्षा पुढच्यांना तो वाचायला मिळाला की नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि काही ठिकाणी नुसती आठवण आहे. बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ घ्या. घाटातून वाट कुठून काढायची ते एका धनगराने इंग्रजांना दाखवलं आणि त्यांनी त्यालाच मारलं, असं लोक सांगतात. ही दंतकथा आहे. पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारे ड्रायव्हर तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात. ज्या रस्त्यावरून आपण जातो तो कुणाच्या तरी पायाखालच्या ओळखीने निघाला, याची ती पावती आहे. तुमच्या व्यवसायातल्या पहिल्या सर्वेअरचं हे देऊळ आहे, असं मी म्हटलं तर तुम्हाला पटेल का?

सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा एक लेख आहे. त्याची शेवटची ओळ साधारण अशी वाचतात: 'वाछि तो विजेया होईवा'. जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणा कोरक्याने, पुढे कधीतरी कुणी वाचायला थांबेल या भरवशावर, त्या न जन्मलेल्या माणसाला आशीर्वाद देऊन ठेवला आहे. ती ओळ पहिल्यांदा कळली तेव्हा मी रडले होते. तुमच्याकडे माझं सगळं मागणं या एका ओळीतून आलेलं आहे. मशीन लावण्याआधी कुणीतरी थांबून वाचा.

आता नेमकं काय करावं ते सांगते, कारण नुसती हळहळ तुमच्या काही कामाची नाही.

ज्या दिवशी झाडं मोजायला माणसं जातात, त्याच दिवशी दगड मोजा. वेगळा दिवस, वेगळी गाडी लागत नाही. गावातला एक म्हातारा आणि शाळेतला एक शिक्षक बरोबर घ्या आणि जिथे शेंदूर, चुना, फुलं, नारळाची करवंटी दिसेल तिथे थांबा. जुन्या पुलाचे कठडे, बारवेच्या पायऱ्या, पाराचा चौथरा, ओढ्यावरचे धुण्याचे दगड, हेही पाहा. वीरगळ फार वेळा तिथे आडवे झालेले सापडतात. दगड सापडला की चारी बाजूंनी फोटो घ्या, उंची-रुंदी मोजा, तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या आणि रस्त्याच्या साखळी क्रमांकासह, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह, ते अंदाजपत्रकात घाला. खांब हलवण्याची बाब असते तशी दगड जपण्याचीही बाब असू द्या. कागदावर आलेली वस्तू सहसा हरवत नाही, कारण तिचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो. आमचा वीरगळ त्या कागदावर असता तर त्या पोराने तो लोटला नसता.

फोटो दुपारी घेऊ नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना घ्या. सपाट वाटणाऱ्या दगडावर तेव्हा अक्षरं उठतात. रात्री विजेरी एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरली तर आणखी स्पष्ट दिसतं. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नका. लेख आहे अशी शंका आली तरी काम तेवढ्या जागी थांबवून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. ओला कागद चापून त्याचा ठसा घेणारी माणसं आहेत. ठसा घेतला की दगडाचं पुढे काहीही झालं तरी मजकूर वाचतो.

हलवायचाच असेल तर शक्य तितका कमी हलवा. याबाबत माझं मत पक्कं आहे. वीरगळ जिथे उभा असतो, ती जागाही लेखाचाच भाग असते. तो माणूस बहुधा त्याच परिसरात पडलेला असतो. गधेगळ तर दान दिलेल्या जमिनीची शीव सांगतो. तो दहा कोस लांब संग्रहालयात नेला की शिवी उरते आणि शीव जाते. त्यामुळे पहिली पसंती त्याच जागी, रस्त्याच्या हद्दीबाहेर दहा-पंधरा फूट मागे, तोंड त्याच दिशेला. ते अगदीच जमत नसेल तर त्याच गावचं देऊळ किंवा शाळेचं आवार. संग्रहालय त्यानंतर. आणि कुणाच्या बंगल्याच्या बागेत किंवा हॉटेलच्या दारात शोभेसाठी, कधीच नाही. उचलताना साखळी थेट दगडाला लावू नका, पट्टा आणि गोणपाट वापरा. उभा करताना खालचा कप्पा सिमेंटात गाडला जाणार नाही एवढी काळजी घ्या. मी असे तीन वीरगळ पाहिले आहेत, जे हौसेने उभे केले आणि त्यांची लढाईच काँक्रीटमध्ये गेली.

साफ करायचं म्हणजे साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, ग्राइंडर काही नको. ऑइल पेंट तर अजिबात नको. गावकरी प्रेमाने वीराच्या कपड्यांना निळा आणि घोड्याला पांढरा रंग देतात, पण त्या रंगाखाली नाक, डोळे, तलवारीची मूठ सगळं बुजून जातं. शेंदराचा थर असेल तर तो मात्र गावाला विचारल्याशिवाय खरवडू नका. ती त्यांची श्रद्धा आहे आणि त्याच श्रद्धेने तो दगड आजवर जागेवर ठेवला आहे.

कायद्याचं थोडक्यात. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा जाहीर झालेल्या स्मारकांना संरक्षण देतो. रस्त्याकडेचे बहुतेक दगड त्या यादीत नसतात. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा कोरीव लेख ही पुरावस्तूच असते, आणि जमिनीतून दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला १८७८ पासूनचा कायदा सांगतो. यादीत नाही म्हणजे बेवारशी आहे, असं समजू नका.

सरपंच आणि ग्रामसेवकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. गावात शिरताना कमान असते, तिच्यावर नावं असतात. तिच्या शेजारी एक लहान पाटी लावायचा ठराव येत्या ग्रामसभेत करा. वडगाव मावळला जुन्या महामार्गाने जाताना १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला याची खूण दिसते. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावर झालेल्या गोळीबाराची आठवण हुतात्मा स्मारक ठेवतं, चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाची. साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत शिरलात तर वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात बांधून घेतल्याचं लेखच सांगतो. तुमच्या गावातही असं काहीतरी असणारच. ते लढाईच असायला हवं असं नाही. दुष्काळात खोदलेला तलाव चालेल, गावातली पहिली मुलींची शाळा चालेल, साथीत ओस पडलेली जुनी गावठाणाची जागा चालेल.

पाटीचा मजकूर मात्र खरा असू द्या. मराठीत, मोठ्या अक्षरात, पाच-सहा ओळी. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सनही द्या. जे दगडावर आहे ते 'दगडावर आहे' म्हणून लिहा, जे लोक सांगतात ते 'लोक सांगतात' म्हणून लिहा, दोन्ही एकमेकांत मिसळू नका. वीराचं नाव दगडावर नसेल तर आपल्या भावकीतलं एखादं नाव त्याला चिकटवू नका. एकदा का ते चिकटलं की पुढच्या पिढीला सोडवता येत नाही, आणि गावात भांडण लागतं ते वेगळंच. सतीशिळेच्या पाटीवर 'पवित्र', 'तेजस्वी' असे शब्द नकोत, आणि ते कायद्यातही बसत नाही. गधेगळाच्या पाटीवर शिवीचा अर्थ सरळ लिहा, मुलं समजून घेतात. मी चौथीच्या वर्गात सांगितला आहे, एकही मूल बिघडलं नाही.

अभियंता साहेब, तुम्ही तयार केलेला रस्ता आम्हाला हवा आहे. आमच्या गावातून दवाखान्यात जायला पूर्वी तास लागायचा, आता वीस मिनिटं लागतात. त्यात मागे फिरा असं मी कधी म्हणणार नाही. वीरगळाला हवी आहे चार फूट जागा.

मोरीत सापडलेला तो वरचा कप्पा सध्या शाळेच्या ओट्यावर आहे. मोरीपासून पुढे दोन्ही बाजूंच्या भरावात गाईंचा कप्पा असावा असा माझा अंदाज आहे. यंदा गटाराचं काम निघणार आहे असं कळलं. त्या दोन-तीन दिवसांत खोदकाम चालू असताना मला कडेला उभं राहू द्या, एवढी परवानगी मागते. आणि दुसऱ्या कुठल्या गावात दगड मोजायला माणूस हवा असेल तर शाळेकडे निरोप ठेवा. बादली, मऊ ब्रश, टेप आणि विजेरी माझ्या पिशवीत असतेच.

आपली,
रस्त्याकडेच्या एका गावातली निवृत्त शिक्षिका